धोटा आणि थुंकी

पंडित सांगतात, आधी रेल्वे येते, गिरण्या येतात, हातात पैसा खेळतो. मग त्यामागून लोकशाही येते, माणसाला हक्क मिळतात. मला हे पटत नाही. माझा आजा गिरणीत होता.

१८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली. १८५६ साली मुंबईतली पहिली गिरणी सुरू झाली. गावकुसाबाहेरची माणसं महारकी सोडून इकडं आली. रोख पगार हातात पडला, हे खोटं कशाला म्हणू? पण आजा जन्मभर त्रासनखात्यात सूत कातत राहिला. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त. तिथं आमच्यांना मज्जाव. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार! विलायती यंत्र आणि मनूचा कायदा एका छपराखाली सुखानं नांदले. मालकाचं काय अडलं? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. कामगारांच्या एकजुटीतसुद्धा विटाळ होताच.

मग परका इंग्रज तरी तारणहार होता का? गरज होती तोवर त्यानं महार फौजेत घेतले. १८९० नंतर भरती बंद. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, तो वाया गेला. महायुद्धात माणूस कमी पडला तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, १९२१ साली मोडली. जरूर संपली, माणूस संपला.

१९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनंही तसा ठराव केला. कागद खुला झाला, तळं नाही. २० मार्च १९२७ ला आमची माणसं ओंजळ घेऊन तळ्यात उतरली, मार खाल्ला, तेव्हा कागदाला जीव आला. कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

म्हणजे यंत्रानं आणि परक्या कायद्यानं दार किलकिलं केलं, हे मान्य. आत मात्र आपल्यालाच घुसावं लागलं. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलंच होतं, की मतात समता आणि जगण्यात विषमता असली, तर ही लोकशाही टिकायची नाही.

आज्याच्या गिरणीच्या जागी आता काचेचा टॉवर आहे. विकास झाला, दोस्तहो. तिथली गटारं कोण उपसतो, ते एकदा जाऊन बघा.