हिवाळ्यातील परसातील कुक्कुटपालन

थंड प्रदेशांत घराच्या परसात पाळलेल्या थोड्या कोंबड्यांची हिवाळ्यात घ्यावयाची काळजी व व्यवस्था यांस हिवाळ्यातील परसातील कुक्कुटपालन असे म्हणता येईल. पिसांचे पूर्ण आवरण असलेली प्रौढ कोंबडी कोरडी थंडी बऱ्याच प्रमाणात सहन करते. ओलावा व वाऱ्याचे झोत हे तिला अधिक अपायकारक ठरतात.

शरीररचना

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१° से. असते. फुगवलेल्या पिसांत अडकलेली हवा शरीराची उष्णता टिकवते. तुरा, चोचीखालील लोंबता मांसल भाग व पाय यांवर पिसे नसल्याने तेथे हिमदंश होऊ शकतो. म्हणून मोठ्या एकेरी तुऱ्याच्या जातींपेक्षा लहान तुऱ्याच्या जाती थंडीस अधिक योग्य ठरतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात, ओका येथील मठात ब्रदर विल्फ्रिड शातेलँ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच हेतूने शांतेक्लेर ही जात विकसित केली. तिचा तुरा उशीसारखा, अगदी लहान असतो.

खुराडे

श्वासोच्छ्वास व विष्ठा यांमुळे बंद खुराड्यात बाष्प व अमोनिया साचतात. हे बाष्प तुऱ्यावर गोठून हिमदंश होतो, तर अमोनियामुळे डोळे व श्वसनमार्ग यांना इजा होते. त्यामुळे ऊब राखण्यासाठी सर्व फटी बुजवणे घातक ठरते. वायुवीजनाची छिद्रे छताजवळ, कोंबड्या बसतात त्या पातळीच्या वर ठेवतात. जमिनीवर लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस यांची जाड, कोरडी गादी पसरतात. बसण्याची दांडी रुंद व सपाट असल्यास कोंबडीची बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. उष्णतेच्या दिव्यांमुळे आग लागण्याचा, तर पेटत्या शेगडीमुळे कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेचाही धोका असतो.

आहार व अंडी

थंडीत कोंबड्या अधिक खातात. संध्याकाळी मूळ खाद्याबरोबर थोडा मका दिल्यास रात्रीसाठी ऊर्जा मिळते. पाणी गोठल्यास त्या खाणेही कमी करतात, म्हणून ते दिवसातून अनेकदा बदलावे लागते.

अंडी घटण्याचे मुख्य कारण थंडी नसून लहान दिवस हे होय. नियमित अंडी देण्यासाठी १४ ते १६ तास प्रकाश लागतो, तर दक्षिण क्वेबेकमध्ये डिसेंबरात दिवस ९ तासांहूनही लहान असतो. पहाटे मंद दिवा लावून ही उणीव भरून काढता येते.

पिल्ले

पूर्ण पिसे न आलेल्या पिल्लांना मात्र बाहेरून ऊब द्यावीच लागते. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५° से. तापमान लागते व पुढे दर आठवड्यास ते सुमारे ३ अंशांनी कमी करतात. यामुळे महाराष्ट्रातील सौम्य हिवाळ्यातही पिल्लांची स्वतंत्र काळजी घ्यावी लागते.