रुतलेला गाडा आणि ओढणारी माणसे



एखादा वक्ता आवेशाने बोलू लागला म्हणजे आपण त्याला 'मुलूखमैदान तोफ' म्हणतो. ती खरी तोफ आपल्या सोलापुरापासून फार दूर नाही. विजापूरच्या तटावर, शेर्झा बुरुजावर ती आजही विसावली आहे, आणि सोलापूरकडील पुष्कळ मुले शाळेच्या सहलीत तिच्यावरून हात फिरवून आलेली असतात. मीही शिक्षक या नात्याने अनेकदा मुलांना घेऊन तेथे गेलो. बहुतेक मुलांचा प्रश्न ठरलेला असे: "गुरुजी, हिचा गोळा किती लांब जाई?" एका वर्षी मात्र एका मुलाने निराळाच प्रश्न केला: "गुरुजी, ही इथे आणली कशी?" त्या वेळी मी त्याला दोन वाक्यांत उत्तर देऊन गप्प केले. आजचे हे भाषण म्हणजे त्या मुलाला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे, असे समजावयास हरकत नाही.

ही तोफ 1549 साली अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे ओतली गेली. बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी असलेल्या मुहंमद बिन हसन रूमी या तुर्काने ती काशाच्या जातीच्या धातूत घडविली. तिची लांबी 14 फुटांहून अधिक, तोंडाचा व्यास सुमारे 5 फूट आणि वजन सुमारे 55 टन सांगितले जाते. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती. 1632 साली आदिलशाहीतील मातबर मुत्सद्दी मुरार जगदेव याने ती परंड्याहून विजापुरास नेली. ती ओढण्यास दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली, असे परंपरेने सांगण्यात येते.

परंडा ते विजापूर हे अंतर सरळ रेघेने मोजले तरी शंभर मैलांचे भरते. वाट कोणतीही धरली, तरी भीमा ओलांडावीच लागते. आणि मधला मुलूख कसा, हे सोलापूरकरांस सांगावयास नको. आपली काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी कठीण आणि भेगाळलेली; परंतु पाऊस पडला, की तीच लोण्यासारखी मऊ होऊन चाकाला घट्ट धरून ठेवते. चाक एकदा आसापर्यंत रुतले, म्हणजे ओढणाऱ्याला केवळ ओझ्याशी झुंजावे लागत नाही. चाकापुढे चिखलाची भिंत उभी असते आणि चाकाखालचा चिखल ते खाली शोषून धरतो. म्हणून जाणता गाडीवान वाफसा आल्याशिवाय भरली गाडी शेतात घालीत नाही.

अशा प्रसंगी त्या काळी काय करीत, याचे वर्णन फ्रान्स्वा बर्निये या फ्रेंच प्रवाशाने करून ठेवले आहे. 1664 च्या अखेरीस औरंगजेब काश्मीरच्या प्रवासास निघाला, तेव्हा बर्निये त्या लवाजम्याबरोबर होता. काही तोफा इतक्या जड होत्या, की त्यांस बैलांच्या वीस वीस जोड्या जुंपाव्या लागत. आणि वाट चढणीची किंवा खडबडीत आली, म्हणजे हत्ती मागून डोक्याने व सोंडेने गाड्याची चाके लोटीत, असे तो लिहितो. बैल पुढून ओढणार, हत्ती मागून रेटणार, आणि माणसे या दोहोंच्या मध्ये! चाकाखाली दगड सरकविणे, लाकडे घालणे, दोर सावरणे, अडखळलेला बैल उठविणे, ही सारी कामे हातांची होती. ती करणारा मनुष्य चाकाच्या, दोराच्या आणि जनावराच्या पायांच्या आवाक्यात उभा राहिल्याशिवाय ती होत नसत.

हे काम अडाण्यांचे होते, असे मात्र कोणी समजू नये. याच मुरार जगदेवाची दुसरी एक हकीगत प्रसिद्ध आहे. 1633 साली सूर्यग्रहणाच्या पर्वणीस भीमा आणि इंद्रायणी यांच्या संगमावर त्याने तुलादान केले. हत्तीची तुला करावयाची होती. पण हत्ती पेलणारा तराजू आणावयाचा कोठून? तेव्हा हत्तीला नावेत चढवून नाव किती बुडते तेथे खूण केली, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरले, आणि ते दगड तोलले. ही युक्ती शहाजीराजांनी सुचविली, असे सांगतात. त्या गावास तुळापूर हे नाव यावरूनच पडले. ओझ्याला हात घालण्यापूर्वी त्याचे वजन जाणून घ्यावे, ही अक्कल आपल्या लोकांस जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीही होती, एवढे यावरून दिसून येते.

मग उणीव कशाची होती? तोफेवरील लेख पाहा. त्यांत ती ओतणाऱ्या रूमीचे नाव आहे, निजामशहाचे नाव आहे, आणि 1686 साली विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने कोरविलेला विजयलेखही आहे. परंपरेने हत्ती मोजले, दहा. बैल मोजले, चारशे. माणसांपाशी आल्यावर मात्र मोजणी थांबली. ती नुसती 'शेकडो' राहिली. बैलाला किंमत होती, तो मेला तर कोणाचे तरी नुकसान होई. शिवाय 1630 ते 1632 ही दख्खनच्या भयंकर दुष्काळाची वर्षे होती. अशा दिवसांत पोटासाठी दोराला हात लावणारी माणसे किती मिळाली असतील, आणि त्यांची मोजदाद कोण ठेवणार, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

आता दोन शतके ओलांडून आगगाडीच्या काळात येऊ. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रस्ता 1856 साली घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस पोहोचला. घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे गाडी 1858 साली सुरू झाली, आणि 1860 साली ती सोलापुरास आली. परंतु बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला तो 1863 साली! म्हणजे सोलापुरास पहिली गाडी आली त्या दिवशी घाटात रूळच जोडलेले नव्हते. मग वरची इंजिने आली कोठून? 1830 साली बांधलेल्या घाटाच्या सडकेने, माणसांनी आणि जनावरांनी ती वर चढविली असली पाहिजेत, हाच निष्कर्ष निघतो. ज्या इंजिनाने बैलगाडीची सद्दी संपविली, त्याला घाट चढण्यासाठी त्याच जुन्या दोरांचा आधार घ्यावा लागला.

घाटातील कामावर 1861 साली 42,000 हून अधिक मजूर होते. पटकीच्या साथींनी त्यांतील कितीतरी नेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा 1859 साली येथे येऊन अल्पकाळातच वारला, आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ते काम पुढे तडीस नेले. तिचे नाव इतिहासात राहिले, हे योग्यच झाले. मजुरांची नावे राहिली नाहीत. तथापि या घाटात एक नवी गोष्ट दिसते. उतारावर गाडी हातची सुटली, तर तिला वळवून चढावर नेऊन थांबविण्यासाठी निराळे फाटे बांधून ठेवले होते. मनुष्य चुकेल, लोखंड तुटेल, हे आधीच गृहीत धरून जागा राखून ठेवावयाची, हा विचार ओझ्यांच्या इतिहासात मला फार मोलाचा वाटतो.

आगगाडीपाठोपाठ सोलापुरात गिरण्या आल्या. जुनी मिल 1877 साली निघाली. 1881 साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला. त्याने चालत्या यंत्राभोवती कुंपण घालावयास लावले, पण तो मोठ्या कारखान्यांपुरताच होता. अपघातात घरचा कर्ता गेला, तर कुटुंबाने दावा लावावा, असा कायदा 1855 पासून होता खरा; परंतु मालकाची चूक कोर्टात शाबीत करणे मजुराच्या विधवेस कोठून साधणार? 1923 चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1 जुलै 1924 पासून अमलात आला, तेव्हा प्रथमच, काम करताना दुखापत झाली तर चूक मालकाची होती हे शाबीत न करताही भरपाई मिळण्याची वाट मोकळी झाली. गेलेल्या हाताची, गेलेल्या पायाची नोंद होऊ लागली. मुलूखमैदानाच्या वेळी जी मोजणी थांबली होती, ती येथे सुरू झाली, असे मी समजतो.

आणि 1948 च्या कारखाना कायद्याने तर साखळीलाही बोलते केले. त्याच्या 29 व्या कलमाने ठरविले, की ओझे उचलण्याच्या साखळ्या व दोर निर्दोष आणि पुरेसे मजबूत असावेत, जाणत्या माणसाने बारा महिन्यांतून निदान एकदा ते बारकाईने तपासावेत, आणि किती ओझे पेलणार हे ठरवून त्याहून अधिक ओझे त्यांवर टाकू नये. किती साधी गोष्ट! पण ती लिहिली जाण्यास इतकी शतके लागली.

परंतु कायदा कारखान्याच्या फाटकापर्यंत आला, आणि गाडा रुततो तो फाटकाबाहेर. येथे मला एक स्वतःची आठवण सांगितली पाहिजे. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी जिल्ह्यातील एका खेड्यात शिकवीत होतो. अवकाळी पाऊस झाला आणि उसाने भरलेला एक ट्रक फडातून निघताना बांधापाशी रुतला. ऊस उतरवावयास वेळ जाईल म्हणून भरल्या ट्रकालाच साखळी लावली, पुढे दोन ट्रॅक्टर जुंपले. शाळा सुटली होती. मुले पाहावयास धावली. मी त्यांना मागे हटविले. साखळीची एक कडी तारेने बांधलेली होती, आणि माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील ती धरते की नाही हे पाहण्यासाठी साखळीजवळ वाकले होते. त्यांना 'बाजूला व्हा' असे म्हणावे, हे माझ्या मनात आले. पण हे लोक रोज हेच काम करणारे, मास्तराने त्यांना काय शिकवावे, असे वाटून मी गप्प राहिलो. कोणी म्हणाले 'ओढ', कोणी म्हणाले 'थांब'. साखळी तुटली, आणि तिचे टोक त्यांच्या मांडीवर बसले. पाय काढावा लागला. पुढच्या हंगामात तो मुलगा शाळेत नव्हता, फडात होता. दुसऱ्या दिवशी ऊस उतरविल्यावर तोच ट्रक एका ट्रॅक्टरने सहज बाहेर निघाला. साखळी जुनी होती, असे सगळे म्हणू लागले; पण ती जुनी आहे हे आदल्या दिवशीही सगळ्यांस ठाऊक होतेच की!

म्हणून या कामाचे चार नियम सांगून ठेवतो. पहिले, ओझे उतरवा. मग चाकापुढची माती खणून उतरण करा, आणि तेथे दगड, फळ्या, पाचट जे मिळेल ते घाला. पंधरा मिनिटांचे फावडे एका ट्रॅक्टरचे काम करते. दोर किंवा साखळी प्रत्येक कडी पाहून घ्या, आणि ती गाडीच्या मूळ सांगाड्याच्या हुकात अडकवा, बंपरला नव्हे. ट्रॅक्टरला ती मागे खाली, ओढकांडीलाच बांधावी. उंच बांधली तर ट्रॅक्टरचे तोंड उचलून तो चालकावर उलटतो. ओढ सावकाश द्यावी, हिसका देऊ नये. ताणलेल्या दोरात शक्ती साठते, आणि ओढ दुप्पट झाली तर ती साठलेली शक्ती चौपट होते. दोर तुटला, की ती सारी एका क्षणात मोकळी होते. म्हणून दोराच्या रेषेत आणि दोन गाड्यांच्या मध्ये कोणीही नसावे, आणि बघ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट तरी दूर राहावे. लोखंडी दोरावर मध्यभागी ओले पोते टाकावे. त्याने उसळी कमी होते, तथापि त्यावर विसंबून जवळ उभे राहू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खूण एकानेच करावी. 'थांब' हा शब्द मात्र कोणीही उच्चारला, तरी सर्वांनी थांबावे.

शहरात राहणाऱ्या श्रोत्यांस वाटेल, हा आपला विषय नव्हे. पण आपल्या घराच्या बांधकामावर वाळूची गाडी रुतते, तेव्हा आपणच चार माणसांस हाक मारतो आणि आपणच घाई करतो. त्या घटकेपुरते आपण मुरार जगदेवच असतो. दोर ताणण्यापूर्वी माणसे किती आहेत आणि कोठे उभी आहेत, हे मोजून पाहणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

"ही इथे आणली कशी?" असे त्या मुलाने विचारले होते. दहा हत्तींनी आणि चारशे बैलांनी आणली, असे मी तेव्हा सांगितले. आज मी त्याला सांगेन, की बाळ, ती माणसांनी आणली. ती किती होती आणि त्यांतील किती घरी परत गेली, हे कोणी लिहून ठेवले नाही. तू मोठा झालास म्हणजे तुझ्या कामावर ते लिहून ठेव.