नाव कळेपर्यंत

कुठे गोळीबार झाल्याची बातमी आली की आमच्या स्टाफरूममध्ये क्षणभर शांतता पसरते. मेलं कोण, याआधी मारणाऱ्याचं नाव शोधलं जातं. मीही तेच करतो, लपवत नाही. मोबाईलवर बोट सरकत असतं आणि ओठांत एवढंच, 'या अल्लाह, आपल्यातला नको.' ही सवय मला दादीकडून आली असावी.

३० जानेवारी १९४८, शुक्रवार. दिल्लीत बिर्ला हाऊसच्या बागेत प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर नथुराम गोडसेने पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या. दहाच दिवस आधी तिथेच बॉम्ब फुटला होता आणि मदनलाल पाहवा पकडला गेला होता. फाळणीच्या दंगलींत होरपळलेल्या दिल्लीसाठी गांधीजींनी १३ ते १८ जानेवारी उपोषण केलं. मुसलमानांच्या मशिदी त्यांना परत मिळाव्यात, मेहरौलीला ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींचा उरूस नेहमीसारखा भरावा, हेही त्यांच्या अटींत होतं. २७ तारखेला ते स्वतः त्या दर्ग्यात जाऊन आले.

खुनानंतर माउंटबॅटन तिथे पोचले, तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं की मारेकरी मुसलमान आहे. ते ताडकन म्हणाले, तो हिंदू होता. खरं तर त्यांना तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मुसलमान निघाला तर देशभर काय होईल, ते मात्र पक्कं ठाऊक होतं. ऑल इंडिया रेडिओनेही मारेकरी हिंदू असल्याचं बातमीत मुद्दाम सांगितलं.

सांगलीकडच्या आमच्या गावात आधी नुसती खुनाची बातमी आली, नाव मागून आलं. तोवर दादीने पोरांना आत घेऊन कडी लावली होती. नाव कळल्यावर तिने शुकराण्याची नमाज पढली आणि मग ती गांधीबाबांसाठी रडली. हा क्रम सांगताना म्हातारपणीही तिला शरम वाटायची.

पण नाव तिथेच थांबलं नाही. गोडसे ब्राह्मण, पुण्याचा. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जाळला. मुंबईत जमावाने नारायण सावरकरांना दगडांनी ठेचलं. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' या जाळपोळीवरच आहे. आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ती वाचली असेल, जरूर वाचा. कट करणारे मोजके, गोळ्या झाडणारा एक. खेड्यातल्या भिक्षुकाचा त्याच्याशी काय संबंध? हा प्रश्न आपण आपल्यासाठी कायम विचारतो.

आमच्या गावातला वाडा पेटला तेव्हा दादा रस्त्यावर उभे होते. त्यांनी बादली उचलली नाही. भीती होती, हे खरं. पण आज आपली पाळी नाही, हा सुटकेचा श्वासही त्यात होता, असं दादीच म्हणायची. त्याच रात्री मागच्या दाराने वाड्यातल्या बाईंनी तांब्याचं एक घंगाळ तिच्याकडे ठेवायला दिलं. ते लोक पुण्याला गेले, न्यायला कुणी परत आलं नाही. दादी दर ईदच्या आधी ते चिंचेने घासून लख्ख करायची, पण त्यात पाणी कधी भरलं नाही.