तेरजेचे यंत्र : शिक्षण-माहितीच्या अहवाल-सर्व्हरची कुळकथा

ज्या संगणकावर शाळा रोजच्या नोंदी करतात त्यालाच जिल्ह्याचे तक्ते काढायला न लावता, त्या नोंदींची नक्कल दुसऱ्या संगणकावर नेऊन तेथे गोषवारे, तुलना आणि आलेख तयार करण्याची जी व्यवस्था केलेली असते तिला अहवाल-सर्व्हर म्हणतात. शिक्षण खात्यांच्या माहिती-प्रणालींत ही व्यवस्था अलीकडेच रुजली असली, तरी नोंदीची वही वेगळी आणि गोषवाऱ्याची वही वेगळी ही तिच्या मुळाशी असलेली कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे, आणि मराठी दफ्तरांशी परिचय असलेल्या वाचकाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

पेशवाईच्या दफ्तरात दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरत. त्याच नोंदी पुढे विषयवार लावल्या की घडणी होई, घडणीचा संक्षेप केला की तेरीज होई आणि सालअखेरीस जमाखर्चाची जुळणी ताळेबंदात होई. एखाद्या महालाच्या वसुलाचा आकडा हवा असलेल्या कारभाऱ्यापुढे रोजकीर्द नव्हे तर तेरीज ठेवायची, अशी ही कामाची वाटणी होती. शिंद्यांच्या कारभाराबरोबर ही लेखनपद्धती माळव्यात आली. दौलतरावांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरजवळच्या लष्करला मुक्काम हलवीपर्यंत उज्जैन हे शिंद्यांच्या राजधानीचे ठिकाण होते. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार केला तो याच काळात, आणि दफ्तरी कामाच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथेच स्थिरावली. माधवराव शिंद्यांच्या नावाचे माधवनगर आणि त्यातला टॉवर चौकाभोवतीचा फ्रीगंज हा बाजारभाग मागाहून वसला. रोजकीर्दीपासून आजच्या सर्व्हरपर्यंत सरळ वंशावळ काढता येणार नाही, परंतु ज्या अडचणीवर तेरीज हा तोडगा होता तीच अडचण पुढे शिक्षण खात्यापुढे उभी राहिली, एवढे नाते निश्चित आहे.

शाळांची मोजदाद प्रथम झाली ती प्रासंगिक स्वरूपात. एल्फिन्स्टनच्या गव्हर्नरपदाच्या काळात, १८२३ ते १८२५ या वर्षांत, मुंबई इलाख्यातील कलेक्टरांकडून गावोगावच्या शाळांची माहिती मागवली गेली, आणि विल्यम अ‍ॅडमने १८३५ ते १८३८ या काळात बंगालमधील शाळांचे अहवाल लिहिले. दोन्ही वेळा काम संपले की मोजणीही थांबली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने मात्र इलाख्याइलाख्यांत शिक्षण खाती, तपासनीस आणि शाळांना अनुदान यांची घडी बसवली, आणि अनुदान पटावर व तपासणीवर अवलंबून राहू लागल्यामुळे पत्रके नियमितपणे वर जाऊ लागली. हजेरीपट शाळेत राही, त्यावरून मासिक पत्रक तयार होई, पत्रकांवरून वार्षिक अहवाल आणि पुढे पंचवार्षिक आढावे लिहिले जात. या उतरंडीत प्रत्येक पायरीवर फक्त बेरीज वर सरके आणि मूळ नोंद खालीच राही, त्यामुळे वरच्या कचेरीत बसलेल्याला आकडा दिसे, पण तो पडताळण्याचा मार्ग नसे. अहवाल-सर्व्हरच्या कुळकथेत ही गोष्ट त्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही यंत्राइतकीच महत्त्वाची आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये पहिले अखिल भारतीय शैक्षणिक सर्वेक्षण झाले आणि ठरावीक दिवशीची स्थिती टिपण्याची पद्धत रूढ झाली. १९९३, २००२ आणि २००९ च्या सर्वेक्षणांसाठी हा दिवस ३० सप्टेंबर होता. प्रवेशाची धांदल तोवर ओसरलेली असते आणि परीक्षा व गळती यांनी पट बदलण्यास अवकाश असतो, म्हणून हा दिवस सोयीचा. सर्वेक्षणांमध्ये अनेक वर्षांचे अंतर पडे. ते भरून काढण्याचे काम ‘डाइस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्हा शिक्षण माहिती प्रणालीने केले. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमासाठी दिल्लीच्या ‘नीपा’ या शैक्षणिक नियोजन संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने १९९५ मध्ये ती तयार केली आणि प्रारंभी ती सात राज्यांच्या ४२ जिल्ह्यांत चालवली. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये त्या सातांत होती. डाइसने जुनी उतरंड मोडली, कारण तिच्यात गावाची किंवा तालुक्याची बेरीज नव्हे तर प्रत्येक शाळेचा संपूर्ण तक्ता वरपर्यंत पोहोचू लागला. २०१२-१३ मध्ये माध्यमिक शाळांची वेगळी प्रणाली तीत मिळवून ‘यूडाइस’ झाली. तिच्यातील शाळेच्या अकरा अंकी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे असतात, मध्य प्रदेशाचे २३ आणि महाराष्ट्राचे २७, त्यानंतर जिल्हा, विकासखंड, गाव वा वॉर्ड आणि शेवटी शाळा अशी क्रमाने ओळख येते.

डाइसच्या काळात वेगळ्या अहवाल-सर्व्हरची निकड भासली नाही, याचे कारण त्या कामाच्या चालीतच होते. मुख्याध्यापक कागदी प्रपत्र भरत, मध्य प्रदेशात जनशिक्षक ते तपासत, जनपद किंवा जिल्हा शिक्षा केंद्रात ते संगणकावर चढवले जाई आणि चढवणे संपल्यावर तक्ते निघत. लिहिण्याचा हंगाम आणि वाचण्याचा हंगाम आपोआपच वेगळे पडत. २०१८-१९ पासून ‘यूडाइस प्लस’ने नोंदणी ऑनलाइन केली आणि २०२२-२३ पासून शाळेऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद घेण्यास सुरुवात केली. हा बदल किती मोठा होता ते पुढील आकड्यांवरून कळते : २०२१-२२ मध्ये देशातील नोंदणी सुमारे २६.५ कोटी होती, ती २०२३-२४ मध्ये सुमारे २४.८ कोटी झाली, आणि मोजण्याची पद्धतच बदलल्याने हे आकडे आधीच्या वर्षांशी काटेकोरपणे ताडून पाहता येत नाहीत असे मंत्रालयाने स्पष्ट केले. आता एकाच वेळी लाखो शाळा लिहीत असतात आणि राज्य, जिल्हा व विकासखंड पातळीवरचे अधिकारी वाचत असतात. दोन्ही कामे एकाच माहितीसाठ्यावर टाकली तर जिल्हाभराचा एक तक्ता निघेपर्यंत शाळांचा पडदा अडकून पडण्याचा धोका असतो. अहवाल-सर्व्हर शिक्षण खात्याला लागू लागला तो या टप्प्यावर.

संगणकाच्या जगाने हा प्रश्न आधी व्यापारासाठी सोडवला होता. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक माहितीसाठ्याची मांडणी केली, म्हणजे माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची. १९८८ मध्ये आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी व्यवहाराच्या साठ्याहून निराळे असे माहिती-कोठार सुचवले, १९९२ च्या ग्रंथात बिल इनमन यांनी त्याची शिस्त सांगितली आणि १९९६ मध्ये राल्फ किंबॉल यांनी त्याची व्यवहारात चालणारी रचना दिली.

उज्जैन जिल्ह्यासाठी असा सर्व्हर उभारायचा झाला तर पहिला निर्णय नकलेचा असतो. पोस्टग्रेस या मुक्त माहितीसाठा-प्रणालीत २०१० पासून एक सोय आहे : मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल आपल्या बदल-वहीत लिहितो, ती वही दुसऱ्या सर्व्हरकडे सतत पाठवली जाते, आणि तेथे फक्त वाचता येईल अशी जवळजवळ तत्क्षणीची प्रत तयार राहते. ही वाट सोपी असली तरी तीत एक खोच आहे, कारण प्रतीवर लांबलेली एखादी विचारणा मुख्य सर्व्हरकडून आलेल्या बदलांच्या आड आली, तर प्रणाली थोडा वेळ वाट पाहून ती विचारणाच रद्द करते. शिवाय प्रत म्हणजे रोजकीर्दीची प्रतच. तिची घडणी करणे शिल्लकच राहते. म्हणून बहुधा दुसरी पायरी जोडली जाते, जीत रात्री प्रतीतून माहिती उपसून, तपासून आणि नव्या आकारात लावून कोठारात भरतात. किंबॉल यांच्या रचनेत मध्यभागी घटनांचा तक्ता असतो, उदाहरणार्थ ‘या विद्यार्थ्याने या वर्षी या शाळेत या इयत्तेत नाव नोंदवले’ अशी एकेक ओळ, आणि त्याभोवती शाळा, इयत्ता, वर्ष, प्रवर्ग यांचे वर्णनात्मक तक्ते असतात.

खरी कसोटी या वर्णनात्मक तक्त्यांत लागते. १६ ऑगस्ट २०१३ रोजी शाजापूर जिल्ह्यातून आगर-माळवा हा जिल्हा वेगळा झाला, आणि दोन्ही जिल्हे उज्जैन संभागात आहेत; शाळेच्या तक्त्यात जिल्ह्याचे नाव नुसते खोडून नवे लिहिले, तर २०१२ च्या अहवालात तेव्हा अस्तित्वात नसलेला जिल्हा उमटतो आणि शाजापूरचा पट मागाहून घटल्यासारखा दिसतो. मध्य प्रदेशात ‘एक परिसर, एक शाला’ या धोरणाखाली एकाच आवारातील शाळा एकत्र केल्या गेल्या, तेथेही हाच पेच आहे, कारण बंद पडलेली शाळा आणि विलीन झालेली शाळा यांतला फरक क्रमांकावरून कळत नाही. म्हणून प्रत्येक वर्णनाला ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ या तारखा लावून जुनी ओळ जपून ठेवावी लागते. त्याच न्यायाने ३० सप्टेंबरसारख्या ठरलेल्या दिवशीच्या स्थितीची न बदलणारी प्रत वेगळी राखतात आणि प्रत्येक अहवालाच्या शिरोभागी माहिती कोणत्या क्षणाची आहे ते छापतात. हे न केल्यास एकाच बैठकीत दोन अधिकारी दोन आकडे घेऊन येतात आणि दोघेही बरोबर असतात.

कचेऱ्यांच्या जुन्या सवयीतला ‘निरंक’ हा शेराही येथे त्रास देतो. शाळेत दिव्यांग विद्यार्थी एकही नाही, रकाना भरायचा राहिला, आणि प्रश्न या शाळेला लागूच नाही, या तीन स्थिती कागदावर एकाच शेऱ्याने किंवा रिकाम्या जागेने भागत. माहितीसाठ्यात शून्य आणि अज्ञात मूल्य या वेगळ्या वस्तू आहेत. सरासरी काढताना शून्य मोजले जाते आणि अज्ञात वगळले जाते, त्यामुळे कोठारात भरण्यापूर्वीच त्यांची निवड करून न ठेवल्यास चूक दिसतही नाही.

मराठी कुटुंबे स्थिरावलेल्या उज्जैनच्या, फ्रीगंजसारख्या भागाच्या संदर्भात सर्वांत नाजूक रकाना मातृभाषेचा आहे. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशातील १२ लाखांहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. विद्यार्थी-नोंदीत शिक्षणाचे माध्यम आणि मातृभाषा हे स्वतंत्र रकाने असले तरी हिंदी माध्यमाच्या वर्गात भरणारा हात दोन्हींकडे हिंदीच लिहून पुढे जाण्याची शक्यता असते, आणि सर्व्हर ती चूक निष्ठेने बेरजेत उतरवतो. ती पकडायची तर पालकांना विचारावे लागते. नोंद खरी झाली तर उलटा प्रश्न उभा राहतो. एखाद्या वर्गात मराठी मातृभाषेची दोनच मुले असतील आणि त्याच तक्त्यात प्रवर्ग किंवा दिव्यांगत्वाचा रकाना असेल, तर नाव न छापताही ती मुले ओळखू येतात. म्हणून ठरावीक मर्यादेपेक्षा लहान आकडे अहवालात झाकतात. मात्र एकच आकडा झाकून पुरत नाही, कारण वर्गाची एकूण संख्या आणि बाकीचे आकडे उघडे असले की वजाबाकीने तो निघतो. त्यामुळे त्याच ओळीतला दुसरा एखादा आकडाही झाकावा लागतो, आणि पूर्ण संख्या कोणाला दिसावी, शाळेला, जनपद शिक्षा केंद्राला की फक्त जिल्ह्याला, हे सर्व्हर सुरू करण्यापूर्वी अधिकारांच्या यादीत लिहून घ्यावे लागते.