पर्याय नसलेली प्रश्नपत्रिका

वर्धा जिल्ह्यातलं तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती रस्त्यावरचं गाव. समजा, इथल्या दवाखान्यात शेतमजुरी करणारा एक मुलगा आला. अंगात ताप, सांधे ठणकतात, डोळे पिवळसर. कावीळ? मलेरिया? की विदर्भात बऱ्याच ठिकाणी आढळणारा सिकलसेल? डॉक्टरांसमोर अ, ब, क, ड असे पर्याय कुणी मांडत नाही. काय विचारायचं, कोणती तपासणी आधी करायची, हे त्यांनीच ठरवायचं. सिकलसेल मनात आलाच नाही, तर त्यासाठी रक्त तपासलंच जाणार नाही.

याच जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथले विद्यार्थी सुरुवातीलाच खेड्यात शिबिरासाठी जाऊन राहतात. शिकायला हे उत्तमच. पण अशी विचारशक्ती परीक्षेत मोजायची कशी?

जुनी रीत म्हणजे रोग्याच्या खाटेशेजारी तोंडी परीक्षा. कुणाला सोपा रोगी मिळे, कुणाला अवघड. शिवाय दोन परीक्षकांचे गुण जुळत नसत. म्हणून अमेरिकेतल्या राष्ट्रीय वैद्यक परीक्षा मंडळाने १९६१ मध्ये कागदावरचे रोगी आणले. हवी ती तपासणी निवडायची, तिच्यापुढचा झाकलेला भाग खोडायचा, की खालून निष्कर्ष दिसे.

गंमत अशी, की या परीक्षेत अनुभवी डॉक्टर कधीकधी विद्यार्थ्यांच्या मागे पडत! ते मोजकेच प्रश्न विचारून निदानापर्यंत पोचत. गुण मात्र सगळं साग्रसंगीत विचारणाऱ्याला. मग १९७८ मध्ये एल्स्टिन, शुलमन आणि स्प्राफ्का यांचं पुस्तक आलं. एक रोगी अचूक ओळखणारा दुसराही ओळखेलच असं नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे 'समस्या सोडवण्याचं कौशल्य' ही सगळीकडे चालणारी एकच किल्ली नव्हे; त्या त्या रोगाची माहितीही हवीच. आम्हांला हा शोध यंत्रापेक्षा मोठा वाटतो. गणितात हुशार मूल भूगोलातही तसाच तर्क लढवील, असं आपणही धरून चालतोच ना?

निष्कर्ष उघड होता: एकदोन नव्हे, बरेच रोगी द्यायला हवेत. अनेक वर्षं खपून त्याच मंडळाने संगणकावरचे रोगी तयार केले आणि १९९९ च्या अखेरीस ते तिथल्या डॉक्टरांच्या परवाना-परीक्षेत आले. इथे पर्यायांची यादी नाही. तपासणी वा औषध स्वतः टंकायचं. घड्याळ पुढे सरकवलं, की रोग्याची स्थिती बदलते. उपचाराला उशीर केलात तर तो खालावतो.

आपल्याकडे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' २०१२ च्या अखेरीस संगणकावर आली. पण प्रश्न बहुपर्यायीच राहिले. कागद गेला, पडदा आला. हजारो विद्यार्थ्यांचे गुण झटपट आणि पक्षपाताविना मिळतात, हा फायदा खराच. मात्र तळेगावचा तो मुलगा या परीक्षेत आला, तर त्याच्या लक्षणांखाली चार नावं असतील, आणि त्यांत सिकलसेल हा शब्द आधीच लिहिलेला असेल.