मोडी आणि शिशाचे खिळे

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादा जुना कागद निघतो, वेढ्यावेढ्यांच्या अक्षरांचा. पणजोबांच्या वेळचे खरेदीखत असावे, एवढे सगळे सांगतात. वाचता कुणालाच येत नाही. भाषा आपलीच, पणजोबाही आपलेच, आणि अक्षर मात्र परके! ही किमया बरीचशी छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांची आहे.

कंपनी सरकारच्या तरुण अंमलदारांना देशी भाषा शिकवण्यासाठी १८०० साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. तेथे विल्यम कॅरे हा मिशनरी मराठीही शिकवी. १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण श्रीरामपूरच्या छापखान्यात छापले. मदतीस वैजनाथ पंडित होते. साहेबाला हवी होती व्यवहाराची मराठी, आणि व्यवहार चाले मोडीत. पण मोडीचे खिळे तयार नव्हते. मग व्याकरण निघाले बालबोधीत. पुढे मोडीचेही खिळे पाडले गेले आणि १८१० चा कॅरेचा कोश त्यांत छापला गेला. पण मोडीचा आणि छापखान्याचा संसार काही जमला नाही.

जमणार तरी कसा? मोडी हे धावते लेखन. आधी कागदावर आडवी रेघ मारायची, मग बोरू होता होईतो न उचलता तिच्याखाली ओढीत जायचे. एक अक्षर दुसऱ्याचा हात धरून चालते. खिळा मात्र एकटा, चौकोनी, अंग चोरून बसणारा. बालबोध अक्षर सुटे, ठसठशीत, शिवाय पोथ्यांमुळे डोळ्यांच्या सवयीचे. मोल्सवर्थचा कोश (१८३१) आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण (१८३६) बालबोधीतच छापले गेले.

एक गंमत आम्हां मास्तरांनाच कळण्याजोगी आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळीत नसत. एकाच वेलांटीवर भागे. छापील पुस्तकाने तो भेद पोरापोरांच्या पाटीवर आणून ठेवला, आणि आमची लाल शाई तेव्हापासून जी वाहते आहे ती आजतागायत!

१९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठीही बालबोध ठरवली. शाळांतून मोडी पुढे काही दशके रेंगाळली, मग तीही गेली. याबद्दल नुसते हळहळून चालणार नाही. खेड्यातल्या मुलीच्या हाती वाचता येईल असे पुस्तक पडले, ते या खिळ्यांमुळेच. मात्र पुण्याच्या पेशवे दफ्तरातले आणि तंजावरचे रुमालच्या रुमाल मुके झाले, ही किंमतही लहान नव्हे.

आता संगणक आला. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली. शिसे नको, साचा नको. पडद्यावर मोडी गिरवणारी तरुण मुले दिसतात, तेव्हा बरे वाटते. पण पडद्यावरचे अक्षर सर्वांचे सारखे आणि दफ्तरातला प्रत्येक कारकून वेगळ्या वळणाचा. घाईत लिहिलेल्या पत्राशी गाठ पडली, की ही मुले अजून एखाद्या जाणत्याच्या शेजारी जाऊन बसतात, आणि तो बोट ठेवून एकेक अक्षर सोडवून दाखवतो.