चाचांचा व्हिसा आणि फूफींचा अंगठा

1973 नंतर तेलाचे भाव भडकले, आखाती देशांत बांधकामे निघाली आणि कोकणातल्या मुसलमान घरांतली माणसे तिकडे जाऊ लागली. रत्नागिरीकडच्यांना बोटीवरच्या नोकऱ्यांची सवय जुनी. आम्ही धसईचे, आमच्याकडे भातशेती. एजंटाचे पैसे उभे करायचे तर जमिनीवरच.

चाचा 1991 मध्ये सौदीला निघाले. दादा तेव्हा हयात नव्हते. अब्बा, चाचा आणि फूफी, तिघांनी मिळून शेत सावकाराला लिहून दिले. घरात सगळे म्हणायचे, 'शेत गहाण आहे.' शिक्षक झाल्यावर मी तो दस्त वाचला. ते साधे खरेदीखत होते! परत देण्याची बोली तोंडीच. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा; 1929 च्या दुरुस्तीपासून परतीची अट त्याच दस्तात नसेल, तर अशी विक्री गहाण मानली जात नाही. चाचांनी मुद्दल फेडले, व्याज फेडले. सातबारावर नाव मात्र सावकाराचेच राहिले.

2014 च्या सावकारी कायद्याने अशी जमीन परत मागता येते, पण व्यवहार मागच्या 15 वर्षांतला हवा. आमची वेळ गेली होती.

कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवा असे सांगते. आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ होती.

दस्तावर फूफींचा अंगठा अजून स्पष्ट दिसतो. व्हिसा भावाचा होता, हिस्सा त्यांचाही गेला. दर भातकापणीला त्या विचारतात, 'आपलं शेत कधी सुटणार रे?'